रेटिनातली शीर बंद पडण्याचा अभ्यास: प्राण्यांचं मॉडेल निवडताना

प्रश्न असा आहे: "रेटिनातली शीर बंद पडण्याच्या आजारावर संशोधन सुरू करायचं आहे. बहुतेक प्रयोगशाळा उंदराच्या डोळ्यात रोझ बेंगाल हा प्रकाशानं सक्रिय होणारा रंग आणि लेझर वापरून शीर बंद करतात. मीही तेच करावं, की ससा, डुक्कर, माकड यांपैकी कुणाचा विचार करावा? आणि उंदरात जे दिसेल ते माणसाला कितपत लागू पडतं?"

आधी उत्तर, मग कारणं. शीर बंद पडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत रेटिनाच्या पेशींमध्ये काय घडतं हे पाहायचं असेल, तर उंदीर घ्या. मॅक्युलाची, म्हणजे रेटिनाच्या मधल्या, बारीक पाहणाऱ्या भागाची सूज महिनोन्‌महिने का टिकते हे पाहायचं असेल, तर उंदीर अपुरा पडेल. आणि शीर मुळात का बंद पडते हे शोधायचं असेल, तर नेहमीच्या वापरातलं कुठलंच मॉडेल त्याचं उत्तर देणार नाही, कारण त्या सगळ्यांत शीर आपण आपल्या हातानं बंद करतो.

हा शेवटचा मुद्दा वाचायला साधा वाटतो, पण बहुतेक चुकीचे निष्कर्ष तिथूनच निघतात. माणसात रेटिनाच्या शिरेची फांदी बंद पडते ती सहसा धमनी आणि शीर एकमेकींना ओलांडतात त्या ठिकाणी. तिथं दोघींचं बाहेरचं आवरण सामाईक असतं. वयानं आणि रक्तदाबानं धमनीची भिंत जाड, कडक होते, खालची शीर दबते, प्रवाह बिघडतो, आतल्या अस्तराला इजा होते आणि गुठळी धरते. मुख्य शीर बंद पडते ती दृष्टिचेतेच्या तोंडाशी, लॅमिना क्रिब्रोसा नावाच्या चाळणीसारख्या पडद्याच्या आसपास. काचबिंदू असलेल्यांमध्ये तिचा धोका वाढतो. म्हणजे गुठळी धरण्याआधी कित्येक वर्षांची तयारी झालेली असते. प्रयोगातल्या उंदराचं वय बहुधा दोन-तीन महिने, रक्तदाब व्यवस्थित, वाहिन्या लवचिक. त्याच्या रेटिनात धमन्या आणि शिरा डिस्कपासून (दृष्टिचेता डोळ्याला जोडली जाते त्या जागेपासून) चाकाच्या आऱ्यांसारख्या एकाआड एक निघतात, माणसासारख्या ठिकठिकाणी एकमेकींना ओलांडत नाहीत. आजार जिथं जन्मतो ती जागाच या डोळ्यात जवळपास नाही. मॉडेल सुरू होतं ते गुठळीपासून पुढं.

पण गुठळीपासून पुढंही पुष्कळ काही घडतं, आणि तिथं उंदीर खरोखर उपयोगी आहे. त्याच्या रेटिनात केशवाहिन्यांचे तीन थर असतात, आतल्या थरांना रक्त रेटिनाच्या वाहिन्या देतात आणि बाहेरच्या थरांना कोरॉइड हा रेटिनामागचा वाहिन्यांचा थर देतो. ही रचना माणसाशी जुळते. शीर अडली की मागं दाब वाढतो, केशवाहिन्या गळू लागतात, रक्तस्राव होतो, काही भागांत प्रवाहच थांबतो, प्राणवायू कमी पडतो, व्हीईजीएफ हे वाहिन्या उगवायला आणि गळायला लावणारं प्रथिन वाढतं आणि गळती आणखी वाढते. हा क्रम उंदरातही दिसतो. शिवाय एखाद्या विशिष्ट पेशीतला विशिष्ट जनुक काढून टाकून पाहण्याची सोय उंदराइतकी दुसऱ्या कुठल्याच प्राण्यात नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं २०२० साली प्रसिद्ध केलेलं काम याचं चांगलं उदाहरण आहे. शीर बंद झाल्यावर वाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींमध्ये कॅस्पेज-९ सक्रिय होतं, आणि तरीही त्या पेशी मरत नाहीत. फक्त अस्तराच्या पेशींतून हा जनुक काढला तर सूज कमी होते आणि चेतापेशीही वाचतात. पेशी मारणारं म्हणून ओळखलं जाणारं प्रथिन इथं वाहिनीचा बांध बिघडवतं, ही गोष्ट रुग्णाच्या डोळ्यात पाहून कधीच कळली नसती. अशा प्रश्नासाठी उंदीर निवडला तर त्याचं सार्थक होतं.

आता प्रत्यक्ष काम. रोझ बेंगाल शेपटीच्या शिरेतून देतात. हिरव्या लेझरचा प्रकाश त्यावर पडला की क्रियाशील ऑक्सिजन तयार होतो, अस्तर जळतं, प्लेटलेट चिकटतात आणि गुठळी बनते. जुन्या प्रयोगांत ५१४ नॅनोमीटरचा आर्गॉन लेझर असे, आता बहुतेक ठिकाणी ५३२ नॅनोमीटरचा असतो. रोझ बेंगाल ५५० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषतं, म्हणून दोन्ही चालतात. रंगाचा फायदा हा की कमी ऊर्जेत काम होतं आणि आजूबाजूची रेटिना कमी भाजते. मात्र दुसऱ्या प्रयोगशाळेच्या शोधनिबंधातली लेझरची शक्ती जशीच्या तशी उतरवू नका. तुमच्या यंत्राच्या तोंडाशी मोजलेली शक्ती आणि रेटिनावर पोचणारी शक्ती यांत फरक असतो. तो भिंग, फोकस, बुबुळावरचं जेल, डोळ्याचा पारदर्शकपणा या सगळ्यांवर ठरतो. आधी थोड्या प्राण्यांवर शक्ती चढवत न्या. शिरेतला प्रवाह थांबतो पण ती फुटत नाही, आणि ओसीटीत (रेटिनाचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) कोरॉइडपर्यंत भाजल्याची खूण दिसत नाही, ती तुमची पातळी. लेझरनं रेटिना आणि कोरॉइड यांच्यामधला ब्रुकचा पडदा फोडला तर कोरॉइडमधून नव्या वाहिन्या उगवतात. तो वेगळ्याच आजाराचा प्रयोग आहे, आणि तुम्ही नकळत दोन आजार एकत्र मोजत बसाल.

रंग दिल्यावर प्राणी मंद उजेडात ठेवा. डोळ्याचे फोटो घेण्याचा तीव्र प्रकाशसुद्धा रंगाला जागं करू शकतो, म्हणून शीर शोधण्यात वेळ घालवू नका. आधी रंगाविना एकदा डोळा पाहून कुठल्या शिरा घ्यायच्या ते ठरवून ठेवलेलं बरं.

सर्वांत मोठी अडचण पुढं येते: शीर पुन्हा उघडते. उंदराची गुठळी लवकर विरघळते. अनेक शिरा एका दिवसात काही प्रमाणात मोकळ्या होतात, आठवडाभरात बहुतेक वाहू लागतात. सूजही त्याच वेगानं येते-जाते. पहिल्या एक ते तीन दिवसांत ती शिगेला पोचते, आठवड्याभरात ओसरते, आणि पुढं आतले थर उलट पातळ होत जातात. माणसात सूज महिने, कधी वर्षं टिकते. म्हणून "औषधानं सातव्या दिवशी सूज कमी झाली" या वाक्याला उंदरात फारसा अर्थ नाही. औषध न देताही ती कमी झालीच असती. औषधाचा परिणाम पहिल्या तीन दिवसांत तपासा आणि नुकसानाचा हिशोब नंतरच्या पातळपणावर व कार्यावर करा.

किती शिरा बंद केल्या यापेक्षा किती बंद राहिल्या हे महत्त्वाचं आहे. लेझरनंतर लगेच आणि चोवीस तासांनी प्रत्येक डोळ्याची तपासणी करा, आणि दोन्ही वेळचे आकडे शोधनिबंधात द्या. कुठला प्राणी वगळायचा याचे नियम प्रयोग सुरू होण्याआधी लिहून ठेवा: एकही शीर बंद राहिली नाही तर, काचाभ द्रवात (डोळ्याच्या आतल्या जेलीत) रक्त उतरलं तर, शेजारची धमनीही अडली तर, मोतीबिंदूमुळे चित्र दिसेनासं झालं तर. हे नियम निकाल पाहून ठरवले गेले की सगळी मेहनत संशयास्पद होते. वगळलेल्या प्राण्यांची संख्या लपवू नका. ज्या निबंधात एकही प्राणी वगळल्याचा उल्लेख नसतो तो मी जास्त काळजीनं वाचतो, कारण या मॉडेलमध्ये ते सहसा घडत नाही.

तुलनेसाठी किमान तीन गट लागतात. एकाला फक्त रंग, एकाला फक्त लेझर, आणि एकाला रंग देऊन लेझर शिरेवर न मारता वाहिन्यांच्या मधल्या जागेत तितकाच. तिसरा गट सगळ्यात बोलका असतो आणि नेमका तोच बहुतेकदा गाळला जातो. भाजण्यामुळे झालेला दाह आणि प्रवाह अडल्यामुळे झालेला दाह तोच वेगळा करून दाखवतो. इंटरल्युकिन-६ सारखी दाहाची खूण मोजायची असेल तर त्याच्याशिवाय तुमच्या आकड्याचा अर्थच लागणार नाही. दुसऱ्या डोळ्याला निरोगी डोळा समजणंही टाळा. रंग सगळ्या शरीरात फिरलेला असतो आणि एका डोळ्यातला दाह दुसऱ्यात खुणा सोडू शकतो.

जातीच्या निवडीत एक सापळा आहे. सी५७बीएल/६एन या उंदरात क्रब१ जनुकातला आरडी८ हा दोष असतो. त्यानं रेटिनात आपोआप ठिपके आणि घड्या दिसतात. सी५७बीएल/६जे मध्ये तो नसतो. जनुकबदल केलेले अनेक उंदीर पहिल्या जातीच्या पार्श्वभूमीवर बनलेले असतात, तेव्हा वसाहत तपासून घ्या. सी३एच आणि एफव्हीबी या जातींत आरडी१ दोषामुळे प्रकाशग्राही पेशी लहानपणीच मरतात, ते या कामाला निरुपयोगी. पांढऱ्या उंदरांत रंगद्रव्य नसल्यानं लेझरचा परिणाम निराळा होतो आणि प्रकाशानंही त्यांची रेटिना बिघडते. टॅमोक्सिफेन देऊन जनुक काढणार असाल तर तुलनेच्या गटालाही टॅमोक्सिफेन द्या. भुलीकडे दुर्लक्ष नको. केटामिन आणि झायलाझिननं रक्तातली साखर वाढते, रक्तदाब आणि शरीराचं तापमान उतरतं, आणि डोळ्यातलं भिंग काही वेळ धुरकट होतं. गरम गादी, डोळ्यावर जेल, आणि सर्व गटांना तीच भूल तितकाच वेळ, एवढं पाळलं तर आकड्यांची बरीच विखुरणी आटोक्यात येते.

औषधाचा प्रयोग करणार असाल तर दोन गोष्टी आधी बघा. पहिली, औषध उंदराच्या लक्ष्याला चिकटतं का? बेव्हासिझुमॅब आणि रॅनिबिझुमॅब माणसाच्या व्हीईजीएफसाठी बनवलेली आहेत, उंदराच्या व्हीईजीएफला ती फारच दुबळी चिकटतात. अफ्लिबरसेप्ट मात्र उंदरातही चिकटतं. ही माहिती नसेल तर बेव्हासिझुमॅबचा काहीच परिणाम झाला नाही म्हणून व्हीईजीएफचा मार्गच बिनमहत्त्वाचा, असा उलटा निष्कर्ष निघू शकतो. दुसरी, आकारमान. उंदराच्या डोळ्याची लांबी सुमारे ३.३ मिलिमीटर, माणसाची सुमारे २४. उंदराचा काचाभ द्रव सुमारे ५ मायक्रोलिटर, त्यात १ मायक्रोलिटर टोचलं तर पाचवा हिस्सा झाला. माणसाच्या सुमारे ४ मिलिलिटरमध्ये आपण ५० मायक्रोलिटर देतो, म्हणजे ऐंशीवा. उंदरात टोचण्यानंच दाब चढतो आणि आधीच अडलेला प्रवाह आणखी मंदावतो. म्हणून "औषधाशिवाय टोचलेला" गट हवाच, आणि जमेल तिथं थेंबांचा मार्ग तपासावा.

मोठ्या प्राण्यांबद्दल आदरानंच लिहायला हवं, कारण आज रुग्णाला जे उपचार मिळतात त्यांचा पाया तिथं घातला गेला. माकडाला मॅक्युला असतो आणि रेटिनाच्या वाहिन्यांची रचना माणसासारखीच असते. १९७०च्या दशकात ऱ्हीसस माकडांत आर्गॉन लेझरनं शिरेची फांदी बंद करून केशवाहिन्या कशा बुजतात ते पाहिलं गेलं. १९९४ साली माकडांत लेझरनं शिरा बंद केल्यावर डोळ्यातल्या द्रवात व्हीईजीएफ वाढलेलं दिसलं, आणि ती वाढ आयरिसवर (डोळ्याच्या रंगीत पडद्यावर) उगवणाऱ्या नव्या वाहिन्यांच्या तीव्रतेबरोबर चढत-उतरत होती. १९९६ साली व्हीईजीएफला अडवणाऱ्या प्रतिपिंडानं त्या वाहिन्या उगवणं थांबलं. निरोगी माकडाच्या डोळ्यात नुसतं व्हीईजीएफ टोचलं तर त्या वाहिन्या उगवतात, हेही त्याच वर्षी दाखवलं गेलं. वाढतं, अडवलं की थांबतं, दिलं की घडतं: कारण सिद्ध करण्याची ही तीन पावलं एका पाठोपाठ इतकी स्वच्छ क्वचितच पडतात. २०१० साली अमेरिकेत रॅनिबिझुमॅबला या आजारातल्या मॅक्युलाच्या सुजेसाठी मान्यता मिळाली, तिच्यामागं ही वाट आहे.

नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हयरेह यांचं काम धमनीबद्दल जास्त बोलतं, पण प्रयोगाची रचना शिकायला ते वाचावंच. ऱ्हीसस माकडांत त्यांनी रेटिनाची मुख्य धमनी चिमट्यानं ठराविक वेळ बंद ठेवली. सुमारे ९७ मिनिटांपर्यंत कायमची इजा दिसली नाही, २४० मिनिटांनंतर नुकसान प्रचंड आणि न भरून येणारं होतं. हे त्यांनी पुढं मुद्दाम म्हाताऱ्या, उच्च रक्तदाब आणि कठीण झालेल्या धमन्या असलेल्या माकडांतही तपासलं, आणि ते काम २००४ साली प्रसिद्ध झालं. रुग्ण ज्या वयाचा, ज्या तब्येतीचा असतो तसा प्राणी घेण्याचा हा आग्रह आज उंदरांच्या कामात हरवलेला आहे. शिरेबाबतही त्यांनी जागेवर भर दिला. अडथळा चाळणीच्या पडद्यापासून जितका मागं, तितक्या बाजूच्या वाटा रक्ताला मोकळ्या, आणि तितका आजार सौम्य. उंदरात डिस्कजवळ दोन शिरा बंद करून त्याला "मुख्य शिरेचा आजार" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

छोट्या जातीच्या डुकरांत जिनिव्हाच्या पुर्नारास यांच्या गटानं शिरेची फांदी बंद करून अतिसूक्ष्म विद्युदग्रांनी रेटिनातला प्राणवायू मोजला. अडलेल्या भागातल्या आतल्या थरांत तो घसरतो, आणि तिथं लेझरचे ठिपके दिल्यावर पुन्हा सुधारतो. लेझर उपचार नव्या वाहिन्यांना का आवरतात याचं उत्तर तिथं हाती लागलं. डुकराचा डोळा माणसाच्या डोळ्याएवढा, शस्त्रक्रियेची हत्यारं तीच, म्हणून नवं उपकरण, औषधाची कांडी किंवा शस्त्रक्रिया तपासायची तर डुक्कर चांगलं. खरा मॅक्युला त्यालाही नाही, शंकुपेशी दाट असलेला पट्टा असतो.

सशाचा मोह टाळा. डोळा मोठा, प्राणी शांत, टोचणं सोपं, हे खरं. पण सशाच्या रेटिनात वाहिन्या फक्त डिस्कच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या पट्ट्यात असतात, बाकीची रेटिना कोरॉइडवर जगते. औषध डोळ्यात किती दिवस टिकतं हे मोजायला तो ठीक, रक्तपुरवठा तुटल्याचा अभ्यास करायला नाही. गिनीपिगच्या रेटिनात तर वाहिन्याच नसतात.

जवळची दोन मॉडेल्स या आजाराच्या नावानं खपवली जातात. उंदराच्या पिल्लांना सातव्या ते बाराव्या दिवसापर्यंत ७५ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवून मग साध्या हवेत आणायचं, हे १९९४चं मॉडेल अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आजाराचं आहे. त्यात वाढत्या वाहिन्या खुरटतात, शीर अडत नाही. दुसरं, डोळ्यातला दाब खूप चढवून प्रवाह थांबवायचा आणि मग सोडायचा. त्यात रेटिनाबरोबर कोरॉइडचाही पुरवठा तुटतो, त्यामुळे बाहेरचे थरही मरतात. दोन्ही उत्तम मॉडेल्स आहेत, पण आपापल्या प्रश्नांसाठी.

मोजमापात ओसीटीवरची जाडी हा एकच आकडा धरून बसू नका. सूज आणि ऱ्हास एकाच वेळी चालू असले की दोघांची बेरीज "सामान्य" जाडी दाखवते. आतल्या थरांच्या सीमा पुसट झाल्या आहेत का, ते वेगळं नोंदवा. ईआरजीत (प्रकाशाला रेटिनानं दिलेल्या विद्युत प्रतिसादाच्या नोंदीत) बी-लहर आणि तिच्यावरची बारीक कंपनं आतल्या थरांची अवस्था सांगतात, ए-लहर प्रकाशग्राही पेशींची. ए-लहरही पडली असेल तर लेझर खोलवर गेल्याची शंका घ्या. नंतर रेटिना सपाट पसरून वाहिन्या रंगवून बुजलेल्या केशवाहिन्या मोजा. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. आणि संख्याशास्त्रात एकक प्राणी धरा. एका डोळ्यातल्या तीन शिरा म्हणजे तीन स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. या एका चुकीनं क्षुल्लक फरकसुद्धा ठळक दिसू लागतात.

प्राण्यांबद्दलची जबाबदारी हा अर्जातला एक रकाना भरून संपणारा विषय नाही. पर्याय शोधणं, संख्या कमी करणं आणि त्रास कमी करणं ही रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली मांडलेली त्रिसूत्री इथं रोज लागू होते. एकाच डोळ्यात प्रयोग करा, म्हणजे प्राणी दुसऱ्यानं पाहू शकतो. वेदनाशामक द्या, आणि कुठल्या अवस्थेत प्राण्याला थांबवायचं ते आधी ठरवा. ओसीटी आणि अँजिओग्राफी जिवंतपणी पुन्हा-पुन्हा करता येतात, त्यामुळे प्रत्येक दिवसासाठी वेगळा गट मारण्याची गरज उरत नाही. पेशींच्या तबकडीत किंवा ऑर्गनॉइडमध्ये (पेशींपासून वाढवलेल्या अवयवाच्या छोट्या प्रतिकृतीत) रक्ताचा दाब आणि प्रवाह नसतो, म्हणून हा आजार तिथं पूर्ण उभा राहत नाही. मात्र एखादं औषध अस्तराची गळती रोखतं का, हे तिथंच आधी पाहता येतं, आणि जे तिथं निकामी ठरेल ते प्राण्यापर्यंत नेऊ नये.

तुमच्या जागी मी असतो तर सी५७बीएल/६जे घेतले असते, नर आणि मादी दोन्ही, आणि निम्मे तरी वर्षाच्या पुढचे. वर सांगितलेल्या तीन तुलनेच्या गटांसह फक्त शिरा बंद करून पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीचा नैसर्गिक क्रम नोंदवला असता, औषधाला हात न लावता. शिरा उघडण्याचा वेग आणि सुजेचा कमाल दिवस प्रत्येक प्रयोगशाळेत थोडा वेगळा येतो, आणि औषधासाठी किती प्राणी लागतील हा हिशोब तुमच्याच या आकड्यांवरून करता येतो. उंदीर ज्यात गुंतवायचा आहे तो प्रश्न एखाद्या पेशीचा किंवा मार्गाचा असू द्या. त्याच वेळी नेत्रविभागाशी बोलून, इंजेक्शनच्या वेळी संमतीनं घेतलेले रुग्णांच्या डोळ्यातल्या द्रवाचे नमुने मिळतात का पाहा. उंदरात तिसऱ्या दिवशी वाढलेलं प्रथिन त्या नमुन्यांतही वाढलेलं दिसलं, तर माकडाचं नाव काढण्याइतकं कारण तुमच्याकडे असेल. दिसलं नाही, तर ते नाव काढू नका.